बहिणीच्या संगीत नाटकातल्या कामाचं एवढं कौतुक झालंय, त्यातलं घ्यायचं काय?

परभणीहून एका भावानं विचारलंय. त्याची धाकटी बहीण २१ वर्षांची. गावातल्या हौशी संस्थेच्या ‘सौभद्र’मध्ये ती सुभद्रा झाली आणि पुढच्या वर्षी ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये झरीना. दोन्ही वेळा स्थानिक पेपरांनी तिला डोक्यावर घेतलं. एकानं तिला थेट दुसरी बालगंधर्व ठरवलं. दुसऱ्यानं तयारीचा गळा, दाणेदार ताना, दोनदा वन्समोअर असं लिहिलं. तिसऱ्यानं एका ओळीत एवढंच नोंदवलं की सुभद्रा बोलता बोलता कधी गायला लागली ते कळलंच नाही. आणि एकानं, सुभद्रेचं गद्य पाठ केल्यासारखं वाटतं, असा चिमटा काढला. भावाचं म्हणणं: यातलं खरं किती मानायचं, चिमटा काढणाऱ्याला उत्तर द्यायचं का, आणि नातेवाईक म्हणतायत तसं कॉलेज सोडून तिला पुण्याला पाठवायचं का?

मी ऑर्गनवाला. मराठवाड्यात कुणी संगीत नाटक करायला घेतलं की साथीला बसतो, आणि ज्या प्रयोगाला साथीला नसतो त्यावर इथल्या एका दैनिकात लिहितो. म्हणजे कौतुक करणाऱ्यांच्या बाजूचाही आहे आणि ज्यांचं कौतुक होतं त्यांच्या पायाशीही बसलेला आहे. तुमच्या बहिणीचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे ती किती चांगली आहे यावर मी काही बोलणार नाही. पण तुम्ही पाठवलेल्या चार मजकुरांवर बोलता येईल.

आधी एक करा. स्तुती खरी की खोटी हा विचार सोडा. परभणीत कुणी पदरमोड करून २१ वर्षांच्या मुलीबद्दल खोटं लिहायला बसत नाही, आवडलं म्हणूनच लिहिलंय. तुम्हाला खरं हवंय ते वेगळं आहे: हे वाचून पुढच्या तालमीला तिनं काय करायचं, ते कळतं का? तिन्ही कौतुकांना हा एकच प्रश्न विचारला तर ती आपोआप वेगळी होतात.

बालगंधर्वांची उपमा पहिल्यांदा बाजूला काढा. ती वाईट आहे म्हणून नव्हे, ती कामाची नाही म्हणून. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस, ते पुरुष होते. ‘मानापमान’मधली भामिनी १९११ मध्ये, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी १९१६ मध्ये, ‘एकच प्याला’तली सिंधू १९१९ मध्ये, या सगळ्या बायका त्यांनी चालण्या-बोलण्यापासून पदर सावरण्यापर्यंत अंगावर घडवल्या. तुमच्या बहिणीला ते घडवायचंच नाहीये, तिच्यापुढचा पेच निराळा आहे. पुन्हा त्यांच्या गाण्यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे शब्द स्वच्छ आणि लय पोटात मुरलेली. ती उपमा देणारा सहसा ‘गोड आवाज’ एवढंच म्हणत असतो. तिला कुणाचं ऐकायचंच असेल तर जयमालाबाई शिलेदारांचं ऐकू द्या. त्या स्वतः बालगंधर्वांसमोर रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या, आणि तरी त्यांचं गाणं त्यांचंच राहिलं. मग त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदारांचं. त्या २०२२ मध्ये गेल्या, पण त्यांच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती भरपूर आहेत. मात्र नुसत्या ताना ऐकू नका म्हणावं. पदाच्या आधीचं वाक्य सापडेल ते रेकॉर्डिंग शोधा. निवडक पदांच्या कॅसेटींनी आपल्याकडे फार नुकसान केलंय: पद हातात येतं, त्याच्या आधीचं भांडण किंवा रडणं कापलेलं असतं.

दुसरं कौतुक गळ्याचं. ते खरं असणार, पण ते का आलं हेही समजून घ्या. आपल्या भागात नाटकाची चळवळ मोठी आहे, पण ती मुख्यतः गद्य नाटकांची आणि एकांकिकांची. युवक महोत्सव, विद्यापीठाचा नाट्यविभाग, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र, सगळीकडे तेच. गोव्यात, रत्नागिरीला, सांगलीला संगीत नाटक घराघरांत कानावर पडतं, तसं इथे पडत नाही. मग लिहिणारा प्रयोगाला बसतो आणि एवढ्याशा पोरीनं यमन असा लावला याचंच त्याला अप्रूप वाटतं. त्यात गैर काही नाही. फक्त तो गाण्याच्या मैफलीचा रिपोर्ट होतो, नाटकाचा नाही. राज्य स्पर्धेतसुद्धा गायनाचं पदक वेगळं आणि अभिनयाचं वेगळं असतं. सोयीसाठी ते ठीक आहे, पण संगीत नाटकातल्या नटीचं खरं कौशल्य नेमकं या दोन पदकांच्या मधल्या फटीत असतं, आणि त्याला पदक नाही.

वन्समोअरचंही तेच. तो प्रेक्षकांचा हिशोब, तिचा नव्हे. पुढच्या दोन रांगांमध्ये ज्येष्ठ मंडळी ओळखीच्या पदाची वाट बघत बसलेली असतात, पद नीट पार पडलं की हात वर होतात. मला तर साथीला बसल्यावर वन्समोअरची धास्तीच वाटते. समोर उभा असलेला नट, ज्याला सुभद्रेचं दुःख ऐकून काहीतरी वाटायला हवं, तो तेच दुःख दुसऱ्यांदा ऐकताना कुठे बघावं या विवंचनेत असतो.

आता तिसरं, बोलता बोलता कधी गायला लागली ते कळलं नाही हे. चारांतलं हे एकच कापून वहीत चिकटवा. लिहिणाऱ्याला कदाचित कळलंही नसेल त्यानं काय टिपलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑर्गन रंगमंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला असतो. तिथून नटीचा चेहरा खालून दिसतो आणि श्वास दिसतो. गद्याचं शेवटचं वाक्य सुरू झालं की मी हळूच षड्ज, म्हणजे पदाचा ‘सा’, धरतो. बऱ्याच मुलींचं इथे काय होतं पाहा. वाक्य संपतं. हनुवटी जराशी वर जाते. नजर समोरच्या पात्रावरून सुटून माझ्या बोटांकडे येते. खांदे उचलून एक मोठा श्वास घेतला जातो, पदर उगाच सारखा केला जातो आणि मग सूर लागतो. दोन सेकंदांचा खेळ. पण त्या दोन सेकंदांत सुभद्रा निघून गेलेली असते आणि तिथे गाण्याच्या परीक्षेला बसलेली मुलगी उभी असते. पुढे ती कितीही सुरेल गायली तरी नाटक एकदा थांबून परत सुरू झालेलं असतं.

जिला हे जमलेलं असतं तिचं शेवटचं वाक्यच उतरत-चढत पट्टीच्या आसपास येऊन थांबतं. तिला माझ्याकडे बघावं लागत नाही, कारण तिचा बोलण्याचा स्वर आणि माझा षड्ज आधीच भेटलेले असतात. श्वास ती वाक्याच्या शेवटी घेत नाही, शेवटच्या वाक्याच्या आत, एखाद्या स्वल्पविरामाला चोरून घेते. हे उपजत येतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तालमीत गद्याचं शेवटचं वाक्य आणि पदाची पहिली ओळ एवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घोटला तर येतं. अडचण अशी की आपल्याकडे गद्याची तालीम दिग्दर्शक घेतो, पदांची तालीम गाण्याचे सर दुसऱ्या खोलीत घेतात, आणि दोन्ही एकत्र होतात थेट रंगीत तालमीला. तुमच्या संस्थेत असं होत असेल तर बहिणीला नको, संस्थेला सांगा.

‘सौभद्र’चंच घ्या. बलरामानं दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, अर्जुन कुठे आहे ठाऊक नाही, आणि सुभद्रा ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते. पहिलाच शब्द ‘वद’. म्हणजे सांग. कुणाला तरी विचारलेला प्रश्न आहे तो, उत्तर हवंय तिला. पण नव्वद टक्के मुली हे पद समोरच्या अंधाराकडे बघून गातात आणि ‘शरण’वर अशी काही जागा घेतात की ‘कुणाला’ हा शब्द वाहून जातो. प्रश्न संपतो, उरतो फक्त राग. ‘कुणाला’ थोडं धरून बघायला सांगा. तान कमी पडेल, टाळ्याही कदाचित कमी पडतील.

यात पट्टीचाही वाटा असतो. रेकॉर्डवर ऐकलंय म्हणून किंवा वर गेलं की टाळी येते म्हणून पट्टी चढवून ठेवतात. मुलीचा गळा तरणा असतो, तो जातोही वर. पण तार सप्तकात फार वर स्वर गेले की आ, ए, ओ एकमेकांसारखे वाटायला लागतात आणि शब्द पुसले जातात. हा गळ्याचा दोष नाही, कुणाचंही तसंच होतं. काळी चारच्या पट्टीत शब्द जात असतील तर खाली या. किती, ते तिच्या आवाजावर आहे, इथून सांगता येणार नाही. पण चाचणी सोपी: नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत ज्यानं हे पद कधी ऐकलेलं नाही असा माणूस बसवा आणि शब्द विचारा. माइक बंद ठेवून.

माइकवरून आठवलं. आपल्याकडची बरीच सभागृहं भाषणांसाठी बांधलेली, नाटकासाठी नाहीत. पंखे घरघरतात, म्हणून सगळ्यांना कॉलर माइक लावतात, आणि मग कुजबुज आणि आलाप एकाच जोरात ऐकू येतात. अशा प्रयोगावर कुणी ‘आवाजाची फेक उत्तम’ असं लिहिलं असेल तर ते श्रेय साउंडवाल्याला द्या.

झरीनेबद्दल मात्र हे मोजमाप बदलतं, आणि तुम्ही पाठवलेल्या मजकुरांत मला सगळ्यांत खटकलं ते हेच: सुभद्रा आणि झरीना दोघींना सगळ्यांनी तीच विशेषणं लावलीयत. ‘सौभद्र’ १८८२ चं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पदं गद्याच्या अंगावर विणलीयत. साक्या, दिंड्या अशा जुन्या चालीच्या रचना, दोन-चार ओळींची छोटी पदं. सुभद्रेला आपण गातोय हे माहीतच नाही, ती तिच्या हिशोबानं बोलतेच आहे. ‘कट्यार’ १९६७ चं. तिथे माणसंच गवई आहेत. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक गाण्यावरच उभं आहे आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी चाली त्याच अंगानं बांधल्यायत. फैयाज यांनी अजरामर केलेली झरीनेची ठुमरी ही गवयाच्या घरातल्या मुलीनं जाणूनबुजून गायलेली ठुमरी आहे. तिथे ‘गायला लागलेलं कळलं नाही’ ही स्तुती झालीच तर मी काळजी करेन! तिथे कळायलाच हवं. ती गाते आहे, कुणासाठी गाते आहे, कुणापासून काय लपवून गाते आहे. तेव्हा झरीनेच्या परीक्षणात तुम्ही शोधायचं ते हे: तिच्या गाण्यानं समोरच्या पात्रांमध्ये काही बदल झाला, असं कुणाला दिसलं का? नसेल लिहिलं तर प्रयोगाला आलेल्या एखाद्या जाणत्याला विचारा.

झरीनेसाठी आपल्या मुलींना एक घरबसल्या फायदा असतो, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू, आजोबा-पणजोबांचं शिक्षण उर्दूतून. आजही परभणी-नांदेडच्या मुलीच्या कानावर रोज उर्दू पडते, तिला ‘ज़’ आणि ‘ज’ वेगळे आहेत हे शिकवावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मुली तिथे हमखास अडखळतात. पण इथेच एक गोम आहे. आपल्या कानातली उर्दू दखनी. ‘नक्को’, ‘हौ’वाली. हैदराबादी वळणात ‘क़’चा सर्रास ‘ख़’ होतो. झरीनेचे वडील खाँसाहेब, त्यांचं घराणं बरेलीचं, त्यांच्या घरात दखनी हेल चालणार नाही. गावातल्या एखाद्या उर्दू शाळेच्या जुन्या मास्तरांना तिचे संवाद ऐकवा. एका बैठकीत काम होईल, आणि ते खुशीनं करतील.

आता चिमटा. गद्य पाठ केल्यासारखं वाटतं, या वाक्यानं घर दुखावलं हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ‘टीका हाच खरा मित्र’ वगैरे मी म्हणणार नाही, कारण ही टीका अर्धी चुकीच्या पत्त्यावर गेलेली असू शकते. किर्लोस्करी गद्य आज कुणी बोलत नाही. मालिकांमधला अभिनय डोळ्यांपुढे ठेवून ते ऐकलं तर ते पाठच वाटणार. पण दुसरी शक्यताही आहे, आणि ती मी आपल्याकडच्या मुलींमध्ये फार पाहतो. घरात ‘काय करायलीस’, ‘कुठं चाललाव’ असं बोलणारी मुलगी रंगमंचावर गेली की आपली बोली कुणाला कळू नये म्हणून इतकी जपून, अक्षर अक्षर दाबून बोलते की वाक्याचा हेलच मरतो. बोली चुकून डोकावली असती तर चाललं असतं, हा ताठरपणा जास्त बोचतो. हेल मेलेल्या वाक्यातून पदात सरकता येत नाही. गंमत बघा, एकजण म्हणतो गद्य ताठ आहे आणि दुसरा म्हणतो बोलता बोलता गायला लागली. दोघांनी वेगळे प्रवेश लक्षात ठेवलेत, असं मला वाटतं. म्हणून त्या परीक्षकाला उत्तर देऊ नका, फोन करून एवढंच विचारा: कुठल्या प्रवेशात वाटलं? त्याला प्रवेश सांगता आला तर ती टीका ठेवा. नाही सांगता आला तर सोडून द्या. हीच कसोटी कौतुक करणाऱ्यांनाही लावा, त्यांना तर कुणी विचारतच नाही.

या हेलासाठी तिला पुण्याला जायची गरज नाही, कीर्तनाला पाठवा. मी गंभीरपणे सांगतोय. आपल्या भागात चांगला नारदीय कीर्तनकार अजून सापडतो. आख्यान लावताना तो साकी म्हणतो, दिंडी म्हणतो, कटाव म्हणतो. आणि कटाव म्हटलं की आपल्या औरंगाबादचे अमृतरायच आठवतात. किर्लोस्करांनी जी साकी-दिंडी वापरली ती मराठी कानाला आधी कीर्तनातूनच ओळखीची होती. कीर्तनकार निरूपणातून पद्यात कसा शिरतो ते डोळे उघडे ठेवून बघायला सांगा. पेटीवाल्याकडे तो वळूनही बघत नाही. शेवटचा शब्द उच्चारता उच्चारता त्याला स्वर चढतो, हातातल्या चिपळ्या आधीच सुरू झालेल्या असतात. समोरच्या म्हातारीशी तो बोलतच असतो, फक्त आता तालात. मी ज्या नट्यांबरोबर वाजवलं त्यात ज्यांच्या घरी कीर्तन होतं त्यांना हा सांधा कधी शिकवावा लागला नाही.

राहिलं पुणं. कॉलेज सोडायचं काही कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही. नुसत्या संगीत नाटकावर आज कुणाचं घर चालत नाही, हे पुण्यातले लोकही मान्य करतील. जाणती मंडळीसुद्धा मैफली, शिकवण्या, नोकरी असं काहीतरी जोडीला ठेवतात. पदवी पूर्ण होऊ दे. त्यानंतर रीतसर शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे संगीत आणि नाटक दोन्ही एका आवारात शिकवतात. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यविभाग आहेच, घरापासून जवळ. कुठे जायचं हे तिला गाण्याचा गुरू कुठे मिळतो त्यावर ठरवा, नाट्यगृहांच्या संख्येवर नको. परभणीत आत्ता जे सर शिकवतायत ते चांगले असतील, तिच्या आवाजाला ओढत नसतील, तर अजून दोन वर्षं इथेच काढण्यात तोटा नाही. घरची परिस्थिती, तिची स्वतःची इच्छा, तिच्या लग्नाची घाई कुणाला आहे का, हे सगळं तुम्हालाच ठाऊक. आणि हो, तुमच्या सगळ्या लिहिण्यात बहिणीचं स्वतःचं मत एकाही वाक्यात आलेलं नाही. तिला विचारा की दोन्ही प्रयोगांत तिला स्वतःला कुठली जागा साधली असं वाटलं, आणि तिनं सांगितलेली जागा त्या तिसऱ्या परीक्षणाशी जुळते का बघा.

कात्रणं मात्र सगळी ठेवा. पुढेमागे शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागतात, आणि तिथे बालगंधर्ववालंच वर लावा.